इंटरकूलरवर काय फवारावं: सीओटू (कार्बन डायऑक्साइड) की पाणी?
टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने, दाबलेली हवा तापते आणि त्यामुळे हवी तेवढी दाट राहत नाही; तिला निववणारी जाळी म्हणजे इंटरकूलर. हवा १० अंशांनी निवली तर साधारण ३ टक्के दाट होते, ताकदही जवळपास तेवढीच वाढते.

सिलिंडरमधून सुटलेला सीओटू उणे ७८ अंशांचा भुगा होऊन इंटरकूलरच्या पात्यांवर पांढरा थर धरतो. परिणाम झटपट, पण सेकंदांपुरता. हा वायू एअर फिल्टरमध्ये ओढला गेला तर ऑक्सिजन घटतो आणि ताकद उलट पडते. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात बंद डिकीत असा सिलिंडर ठेवणं मला अजिबात पटत नाही. ३१ अंशांपुढे आत द्रव उरतच नाही, दाब भराभर चढतो.

किलोभर पाणी वाफ होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कात्रजचा घाट चढायला पाणीच बरं. पावसाळ्यात त्याचा जोर ओसरतो.