झुरळांवर जेल + मेटारायझियम, सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये पेस्ट कंट्रोलवाल्याला वर्षाचे १८०० मोजले. एक फवारणी करून गेला, तिसऱ्या आठवड्यात फ्रिजमागे तीच बारकी, पाठीवर दोन पट्टे असलेली झुरळं परत. फोन केला तर म्हणे समुद्राजवळ दमट हवा, येणारच. दुसरी फेरी नाही, पैसे परत नाहीत. १८०० रुपये आहेत हो, अजून राग जात नाही.

मग इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक २.१५ टक्के असलेलं, झुरळांनी खायचं जेल आणलं. आणि आमच्या गुहागरच्या वाडीत नारळावरच्या गेंड्या भुंग्यासाठी शेणखताच्या खड्ड्यात घालतो ते मेटारायझियम, म्हणजे कीटकांना मारणाऱ्या बुरशीची पावडर, उरलेलं होतं, म्हटलं हेही लावून बघू. हे काही नवीन खूळ नाही, मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८७९ मध्येच गव्हावरच्या भुंग्यांवर ही बुरशी वापरून बघितली होती. बुरशीचे बीजाणू (बारीक बिया म्हणा) किड्याच्या अंगाला चिकटतात, कवच भेदून आत वाढतात. पण झुरळ सारखं मिशा-पाय चाटून साफ करतं त्यामुळे बीजाणू टिकत नाहीत, आणि जेलचा थोडाच डोस पोटात गेलेलं झुरळ सुस्त होतं, साफसफाई सोडतं. म्हणून दोन्ही एकत्र.

मेमध्ये लिहिलं असतं तर पावडर फुकट म्हटलं असतं. चूक माझी होती. बुरशी टाल्कमध्ये (टाल्कम पावडरीची पांढरी भुकटी) मिसळलेली, मी जाड रेघा ओढल्या, काळ्या कडप्प्यावर पांढरे पट्टे, झुरळं त्याला वळसा घालून जायची. हा टाल्कच खरा त्रास आहे, दमट हवेत गोळे होतात, ओल्या फडक्याने पुसलं की चिखल, फटीत बसला की निघत नाही, आणि आई रोज रात्री फिनेलने पुसायची म्हणजे जी काही बुरशी होती तीही मेली. आता जुना कोरडा ब्रश पावडरीत बुडवून नुसता झटकतो, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकंच, तेही फ्रिजमागे आणि सिलिंडरच्या ट्रॉलीखालीच. ओट्यावर, भांड्यांजवळ अजिबात नाही, पाकिटावर झुरळाचा उल्लेखच नाही, ते शेतीचं आहे. आईला दमा, त्यामुळे मास्क लावून आणि ती पडवीत असतानाच.

जूनच्या शेवटी फ्रिजमागे मेलेली पाच झुरळं सापडली, ती ओल्या कापसावर झाकणाच्या डबीत ठेवली. आठवड्याने तिघांवर आधी पांढरी, मग हिरवी बुरशी, अगदी खड्ड्यातल्या भुंग्याच्या अळीवर येते तशीच. इतका आनंद झाला की आईला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना दाखवली. बाकी दोन जेलनेच गेली असणार.

माळ्यावर नुसतं जेल लावलं होतं, तिथे ते सुकलं आणि पिल्लं परत दिसली. मादी अंड्यांची डबी अंगावरच बाळगते, एकेका डबीत तीस-चाळीस अंडी, त्यामुळे जेल एकदा लावून विसरलात की संपलं. मी महिन्याने ताजे ठिपके देतो, डाळीच्या दाण्याएवढे. आणि जेलजवळ स्प्रे मारू नका, झुरळं तिकडे फिरकत नाहीत.

घाई असेल त्याने मात्र या वाटेला जाऊ नये, बुरशीला एक-दोन आठवडे लागतात. फ्रिजमागे ऑगस्टपासून एकही दिसलेलं नाही. माळ्यावर पावडर या रविवारी टाकतोय.