रेडियमची जॅकेटं: सगळ्या साईटसाठी एकाच जागून घ्यावी की ज्यानं त्यानं गावातूनच घ्यावी?

ज्याच्या चार-पाच साईट एकाच वेळी चालू असतात, म्हणजे एक मारेगावकडं, एक राळेगावला, एक वरोऱ्याच्या पलीकडं, त्याच्यासाठी हे लिहितोय. एकाच जागी आठ-दहा माणसं असतील तर हा प्रश्न येतच नाही, गावातल्या हार्डवेअरवाल्याकडून घ्या आणि मोकळे व्हा. जॅकेट कशाला घालायचं, पट्टी कशाला असते हे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न एवढाच की घ्यायचं कुठून, आणि पाचही साईटवर सारखं ठेवायचं कसं.

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी तीन वर्षं मुकादमाच्या हातात पैसे द्यायचो आणि तो तिथल्या तिथं घ्यायचा. आता दोन वर्षं झाली, सगळा माल एकदम नागपूरहून उचलतो, वणीला गोडाऊनमध्ये उतरवतो आणि तिथून साईटला पाठवतो.

गावातून घेण्याची बाजू आधी सांगतो, कारण ती बाजू खरंच दमदार आहे आणि लोक उगाच तिला नावं ठेवतात. आपल्याकडची लेबर कशी असते माहीत आहे, आज बारा जण, उद्या सतरा, सोमवारी सकाळी मुकादम टेम्पोतून चार नवीन गडी उतरवतो आणि त्या चौघांना आठ वाजता खड्ड्यात उतरायचं असतं. गावात दुकान असलं की अर्ध्या तासात जॅकेट अंगावर. दुकानदार ओळखीचा असतो, महिन्याच्या शेवटी हिशोब करतो, आपला पैसा अडकत नाही. आणि बायांच्या बाबतीत तर गावातून घेतलेलं जास्त बरं पडतं असं माझं मत आहे. आपल्याकडं बाया लुगड्यावर नवऱ्याचा फुल शर्ट घालून कामावर येतात, त्याच्यावर जॅकेट चढवायचं म्हणजे माप वेगळंच लागतं, दुकानात उभं राहून घालून पाहता येतं. नागपूरहून पहिला लॉट आणला तो सगळा फ्री साईज होता, बायांच्या खांद्यावरून घसरायचा आणि पुढचं वेल्क्रो दिवसभर लुगड्याचे धागे ओढायचं. एक बाई म्हणाली, "भाऊ, हे पदरात अटकते, हे घालून टोपलं कसं उचलू?" बरोबरच होतं तिचं. पुढच्या लॉटला मापं सांगून घेतली तेव्हा तो त्रास कमी झाला, पण कमीच झाला, गेला नाही.

एकदम घेण्यात अजून काय काय त्रास आहे तेही सांगून टाकतो. पैसा एकदम जातो. गोडाऊनला एक माणूस लागतो जो चालान लिहील, कुठल्या साईटला किती गेली ते वहीत मांडेल, आणि हा माणूस सुट्टीवर गेला की सगळं थांबतं. पावसाळ्यात बोऱ्यांना ओल लागते, उंदीर लागतात. डिझेल घेऊन जाणारी पिकअप ज्या दिवशी त्या साईटला जाणार नाही त्या दिवशी जॅकेटही जाणार नाही, मग मुकादमाचा फोन येतो आणि आपण म्हणतो उद्या पाठवतो, आणि तो नवीन गडी तो दिवस तसाच काढतो. असं व्हायला नको पण होतं. एवढं सगळं सोसूनही मी एकदम घेण्याकडंच का वळलो ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिना, करंजी-वणी रस्त्यावर आमचं साईडपट्टी भरायचं काम चालू होतं. त्या दिवसांत सहा वाजले की अंधारून येतं, मी राळेगावकडून परत येत होतो, पिकअप मीच चालवत होतो. साईट माझी, कुठून कुठवर काम आहे ते मला पाठ, फ्लॅगमन, म्हणजे गाड्यांना हात दाखवणारा गडी, पुलाच्या अलीकडं उभा असतो हेही माहीत, म्हणजे मी त्याला शोधतच येत होतो. आणि तरी तो मला दिसला तेव्हा मध्ये दोन गाड्यांचं अंतर राहिलं होतं. ब्रेक दाबला, गाडी थांबली, काही झालं नाही. खाली उतरलो, अंगाला नुसता घाम. तो म्हणाला, "मी तं तुमाले कवाचा हात दाखवून रायलो होतो." त्याच्या अंगात जॅकेट होतं. आठवडाभरापूर्वी मुकादमानं घेतलेलं, घडीच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या.

मी मुकादमाला बोललो तर तो म्हणे, "भाऊ, जॅकेट तर सगळ्याइच्या अंगावर हाये, अजून काय पाहिजेन?" त्याचं चुकत नव्हतं. हजेरीत जॅकेट होतंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुटल्यावर त्या साईटची सगळी जॅकेटं गोळा केली, तेवीस निघाली. कडुनिंबापासून खांबापर्यंत बाइंडिंग वायर ताणली, तिच्यावर ओळीनं टांगली, अंधार पडू दिला आणि चाळीस पावलांवरून मोटरसायकलचा हेडलाईट मारला. चौदा जॅकेटं ट्यूबलाईटसारखी पेटली. नऊ काळीच राहिली, नुसती वाऱ्यानं हलताना कळत होती. आणि त्या नऊतली सहा सगळ्यात नवीन होती. खिसा फाटलेलं, चिखलानं मळलेलं एक तीन वर्षं जुनं जॅकेट होतं, ते सगळ्यात जास्त चमकत होतं. मी जवळ जाऊन त्या नवीन जॅकेटची पट्टी हातात धरून पाहिली, चंदेरी कापड होतं ते, नुसतं चंदेरी, दिवसा उन्हात छान चकचक करणारं. ज्या पट्टीला आपण रेडियम म्हणतो तिच्यात काचेचे बारीक मणी असतात किंवा प्रिझमसारखी घडण असते, ती उजेड जिथून आला तिथंच परत फेकते, म्हणून ड्रायव्हरला ती पेटल्यासारखी दिसते. या सहांमध्ये त्यातलं काहीच नव्हतं.

जॅकेट खराब होणारच, शेवटी कापड आहे. पण दिवसा ती नऊ मला ओळखूच येत नव्हती ही गोष्ट जी डोक्यात बसली ती बसलीच. तेवीस जॅकेटं, चार दुकानांची, कुणाची पट्टी उभी, कुणाची आडवी, कुणाचा पिवळा लिंबासारखा, कुणाचा पोपटी, कुणाचा केशरी, त्यात खराब कोणतं आणि मुळातच तसं कोणतं हे सांगणार कसं? सगळी एकाच मालाची असती तर मेलेलं जॅकेट रांगेत उभं केलं की लगेच वेगळं दिसलं असतं. एकसारखं ठेवायचं ते फोटोत बरं दिसावं म्हणून, असं मला आधी वाटायचं. त्या रात्री कळलं की एकसारखं असलं तरच खराब झालेलं सापडतं. माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला, बाकीचं सगळं नंतर आलं.

गावातल्या दुकानदाराला यात दोष देत नाही, त्याला वरून जे येतं ते तो विकतो, आणि साठ-सत्तर रुपयांत तो तरी काय देणार. मी आता जे घेतो ते मला अडीचशेच्या आसपास पडतं, जास्त घेतलं की थोडं कमी. घेताना आतलं लेबल पाहतो, अशा जॅकेटांचं मानक, म्हणजे बाहेरचं आयएसओ २०४७१ किंवा आपलं आयएस १५८०९, लिहिलेलं आहे का, क्लास (जॅकेट किती उठून दिसतं त्याची पायरी) कोणता, किती धुण्यांपर्यंत चालेल. रस्त्याच्या कामाला क्लास २ च्या खाली जात नाही, त्यात चमकदार रंगाचं कापड (पिवळं, केशरी) कमीत कमी अर्धा चौरस मीटर आणि पट्टी ०.१३ चौरस मीटर भरावी लागते, पट्टीची रुंदी ५ सेंटिमीटर. पण लेबल कुणीही छापू शकतो, म्हणून लॉट उतरला की त्यातली पाच-सहा काढून अंधारात पाहतोच. मोटरसायकल नसली तर मोबाईलचा टॉर्चही चालतो, फक्त तो डोळ्याच्या अगदी बाजूला, कानशिलाजवळ धरायचा, हात लांब करून धरला तर चांगली पट्टीसुद्धा काळी दिसते आणि आपण उगाच दुकानदाराशी भांडतो.

रंगाचंही एकदम घेतल्यामुळंच जमलं. गावातून घेताना मिळेल तो रंग घ्यावा लागायचा आणि बहुतेक वेळा पिवळाच मिळायचा. पिवळा वाईट नाही, दिवसा उजेडात लांबून दिसतो. पण आमची कामं शेताच्या कडेनं असतात, पाइपलाइन असो की टॉवर असो. श्रावण-भादव्यात सोयाबीन, तूर, पऱ्हाटी सगळं हिरवंगार असतं आणि त्या हिरव्यात तो पोपटी-पिवळा माणूस मिसळून जातो. शिवाय जेसीबी पिवळा, त्याचा बूम पिवळा, ऑपरेटरला बसल्या जागेवरून सगळं पिवळंच दिसतं आणि त्यात पिवळं जॅकेट घालून कुणी पाइप लावायला वाकला असेल तर... मला ते कधीच पटलं नाही. म्हणून मी पाचही साईटला केशरी ठरवला. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा तोही रंग केशरी असतो हे खरं, पण ते पंधरा-वीस दिवस, आणि झाड जागचं हलत नाही. कोळशाच्या किंवा मुरमाच्या खाणीत काम असेल तर तुमचा हिशोब वेगळा निघेल, लाल मुरमात केशरी तितका उठून दिसत नाही असा माझा अंदाज आहे.

उन्हाचं एक सांगतो. मे महिन्यात ४५-४६ च्या उन्हात जाड प्लास्टिकसारखं जॅकेट कुणी घालत नाही, आपण कितीही बोला, पाठ फिरली की ते कंबरेला गुंडाळलेलं नाहीतर पाण्याच्या कॅनवर टाकलेलं. एकदम घेताना जाळीवालं मागता येतं. जाळीवालं दिलं तेव्हापासून बोलावं लागत नाही, म्हणजे कमी बोलावं लागतं.

धुण्याचा विषय दोन्हीकडं सारखाच अवघड आहे. काळ्या मातीचा चिखल निघत नाही म्हणून लोक जॅकेट दगडावर आपटतात, साबणाची वडी लावून ब्रश मारतात, आणि पट्टीवर ब्रश मारला की मणी गळालेच समजा. आम्ही आता साईटवर एक ड्रम ठेवतो, रविवारी त्यात पावडरच्या पाण्यात भिजवायचं, हातानं चोळायचं, उलटं करून सावलीत वाळवायचं. रंगही उन्हानं उडतो, आणि तो उडाला की संध्याकाळच्या मंद उजेडात जॅकेट असून नसल्यासारखं.

कोणतं जॅकेट कधीचं हे कळायला मी गावच्या टेलरकडून कॉलरच्या आतून दोऱ्याचे चार टाके घालून घेतो. दिवाळीच्या लॉटला लाल, पावसाळ्याच्या आधीच्या लॉटला निळा. मार्करनं लिहून पाहिलं होतं, दोन धुण्यात गेलं. दोरा राहतो. पाठीवर कंपनीचं मोठं नाव छापून घेऊ नका एवढं मात्र सांगेन, तेवढी चमकदार जागा कमी होते आणि क्लास लेबलवर राहतो, अंगावर राहत नाही.

हरवण्याचं काय म्हणाल तर ती हरवतातच. कापूस वेचणी लागली की अर्धी लेबर शेतात जाते आणि जॅकेट त्यांच्यासोबत जातं. मागच्या वर्षी राळेगावजवळ एका तुरीच्या वावरात माझं केशरी जॅकेट बुजगावण्याच्या अंगावर दिसलं, कॉलरमध्ये निळा दोरा होता. रात्री रोही (नीलगाई) येतात, रस्त्यावरच्या गाड्यांच्या उजेडात पट्टी चमकते आणि ते बिचकतात, असं त्या शेतकऱ्यानं सांगितलं. मी ते परत मागितलं नाही. पण तेव्हापासून हजेरीच्या वहीत जॅकेटचा वेगळा रकाना केला, काम सोडताना शेवटच्या पगाराच्या दिवशी ते जमा करायचं, आणि जमा झालं नाही तर पैसे कापायचे नाहीत, फक्त नाव लिहून ठेवायचं. पैसे कापायला लागलं की लोक जॅकेट घरी जपून ठेवतात आणि कामावर बिनाजॅकेट येतात, हेही मी पाहिलंय.

गावातून घेणं मी पूर्ण बंद केलं असं नाही. प्रत्येक मुकादमाकडं दहा माणसांमागं दोन जास्तीची जॅकेटं, त्यातलं एक लहान मापाचं, पेटीत कुलपात असतात, आणि तीही संपली तर गावातून घ्यायची मुभा आहे, फक्त ते जॅकेट रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला द्यायचं नाही, आतल्या कामावरच्याला द्यायचं, आणि पुढची पिकअप आली की बदलायचं. तुमच्या साईट एकमेकींपासून फार लांब असतील, किंवा तुमची लेबर महिन्याला पूर्ण बदलत असेल, तर तुम्हाला कदाचित गावातलंच परवडेल, मी नाही म्हणत नाही. तसं असेल तर निदान एक रंग आणि एक दुकान पक्कं करा आणि महिन्यातून एकदा वायरवर टांगून हेडलाईट मारा.

माझी यावेळची ऑर्डर दसऱ्याच्या आधीच द्यायची आहे, कारण दिवाळीनंतर रस्त्याची कामं एकदम सुटतात आणि तेव्हा नागपूरचा माणूसही पंधरा दिवस थांबा म्हणतो. दोरा यावेळी पांढरा घेणार आहे.