ईलिंगच्या जुन्या कॉमेडींचा डिस्क-सेट: पैसे वसूल, सबटायटल्स मात्र भंगार

लंडनच्या ईलिंग स्टुडिओच्या कॉमेड्यांचा सेट घेतला आणि दोन वीकेंडमध्ये संपवला. आधी रडगाणं उरकून घेतो. सबटायटल्स इतकी मागेपुढे की माणूस बोलून खोलीबाहेर गेला की मग त्याचं वाक्य उमटतं, कंपनीचं नाव घेत नाही पण वैताग आला राव. प्रिंट मात्र झकास.

सगळे म्हणतात हे सिनेमे म्हणजे जुनं गोड इंग्लंड, चहा, पाऊस, शेजारपाजार वगैरे. मीही तेच डोक्यात घेऊन बसलो होतो, आणि पहिल्याच 'पासपोर्ट टू पिमलिको'ने (1949) माझी पार विकेट काढली. युद्धात न फुटलेला बॉम्ब फुटतो, खाली खजिना आणि एक सनद सापडते, म्हणे लंडनचा हा पिमलिको भाग बर्गंडीच्या (फ्रान्सकडचं जुनं संस्थान) ड्यूकचा, म्हणजे कायद्याने हे इंग्लंडच नाही! झालं, लोक पबमध्ये बसून रेशन कार्डं टराटरा फाडतात, वेळ संपली तरी पब चालूच, आणि नंतर तर भुयारी रेल्वे थांबवून चक्क कस्टम्स तपासणी. 1949 च्या प्रेक्षकाला यात नॉस्टॅल्जिया कुठला, घरी खरं रेशन चालू होतं ना, ते 1954 ला संपलं. आम्ही इंग्लिश आहोत म्हणूनच बर्गंडियन असण्याच्या हक्कासाठी भांडतोय, असं एक बाई ठणकावून सांगते, तिथे मी रिवाइंड करून परत बघितलं. आणि शेवटी रेशन कार्डं परत मिळाली म्हणून जंगी जेवण, तेवढ्यात पारा उतरतो आणि पाऊस. मस्तच.

खरा नॉस्टॅल्जिया 'द टिटफील्ड थंडरबोल्ट'मध्ये (1953) आहे, रंगीत, हिरवागार, बंद पडणारी गावची रेल्वे गावकरीच चालवतात, इंजिन हाकायला पाद्रीबुवा. पैसे घालणारा म्हातारा तयार का होतो तर गाडीतला बार पबच्या आधी उघडेल म्हणून! इंजिन म्हणून जे धूड दिसतं ते 1838 चं खरंखुरं 'लायन' आहे, त्याच्यासाठी तरी बघाच. पण गावचा जमीनदार रेल्वे गेली तर काँक्रीटचे रस्ते होतील, घरांना नावांऐवजी नंबर येतील असं भाषण ठोकतो तेव्हा मला जरा कसंतरीच झालं, रेल्वेच्या जागी बस चालवू पाहणाऱ्यांना थेट व्हिलन करून टाकलंय. गंमत म्हणजे 10 वर्षांनी, 1963 मध्ये, ब्रिटिश रेल्वेचा प्रमुख बीचिंग याचा रिपोर्ट आला आणि त्यात 2000 हून जास्त स्टेशनं बंद करायची शिफारस होती. मग हा सिनेमा अजूनच हळवा वाटायला लागतो, जेवढा तो मुळात नाहीये.

आता 'द लेडीकिलर्स' (1955). लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळचं तिरकं झालेलं घर, पोपट पाळलेली म्हातारी मिसेस विल्बरफोर्स, आणि तिच्याकडे खोली भाड्याने घेऊन वादकमंडळी असल्याचं नाटक करणारे पाच दरोडेखोर, म्हणजे आत बोकेरिनी या जुन्या संगीतकाराची रेकॉर्ड लावायची आणि ती दारात आली की धावत व्हायोलिन उचलायचं. तिचा 21 वा वाढदिवस मध्येच थांबला कारण राणी व्हिक्टोरिया गेल्याची बातमी आली, हे ती अशा थाटात सांगते की जणू काल झालंय. टोळीचा म्होरक्या झालेल्या अॅलेक गिनेसचे दात बघून हसू येतं आणि भीतीही वाटते. जुनं इंग्लंड इथे म्हातारं आहे, मोडकं आहे, पण चहाच्या वेळेला कुणाचं ऐकत नाही, आणि सिनेमा तिची टरही उडवतो आणि तिला मानतोही. हे लिहिलंय विल्यम रोझ या अमेरिकनाने, डिरेक्टर मॅकेंड्रिक जन्माने बोस्टनचा, वाढला ग्लासगोत. पिमलिकोचा डिरेक्टर कॉर्नेलियससुद्धा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. घरचं माणूस सोफ्याकडे बघत नाही, पाहुण्यालाच त्याचं फाटकं कव्हर दिसतं, तसलं काहीतरी.

घ्यायचा असेल तर बिनधास्त घ्या, सबटायटल्स बंद ठेवा, आणि 'लेडीकिलर्स' शेवटी बघा, मी मधेच बघितला आणि पुढचे सगळे मिळमिळीत वाटले.