रजा टाकावी का सरळ राजीनामा द्यावा?

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला, म्हणे अक्का मला आता होईना, सगळं सोडून घरी बसावं वाटायलंय पण घरचे म्हणायलेत आधी सहा महिने बिनपगारी रजा टाकून बघ. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय, कारण मी राजीनामा दिला अन् माझ्या सख्ख्या बहिणीनं रजा घेतली, दोन्ही गोष्टी जवळून बघितल्यात.

आधी रजेचं. बहीण औशाकडं झेडपीच्या शाळेवर आहे. त्यांना बालसंगोपन रजा मिळते, पूर्ण नोकरीत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईस्तोवर, अन् पगार चालू. पोरगी दहावीला असताना तिनं त्यातलीच घेतली. त्यामुळं सरकारी नोकरीत असाल तर राजीनाम्याचं नाव काढायच्या आधी रजेचा हिशोब मांडा, अर्जित किती शिल्लक, वैद्यकीय किती, बऱ्याच जणींना स्वतःचंच माहीत नसतं.

प्रायव्हेटमध्ये बिनपगारी लांब रजा हा तुमचा हक्क नाही, ती देणाऱ्याच्या मनावर आहे. तोंडी "घ्या हो मॅडम" वर विसंबून राहू नका. कधीपासून कधीपर्यंत, परत आल्यावर तीच पोस्ट का, अन् मेडिक्लेम चालू राहतो का, हे मेलवर लिहून घ्या. पगारच नाही तर त्या महिन्यांचा पीएफही भरला जात नाही, तेही धरून चला.

रजेत एक गोष्ट मात्र होत नाही, डोकं सुटत नाही. बहीण घरी होती पण शाळेचा ग्रुप सकाळपासून वाजायचा, माहिती भरा, फोटो टाका, अन् शेवटच्या पंधरा दिवसांत तर परत जायचंय याचंच टेन्शन. पण नुसता थकवा असेल, झोप भरून काढायची असेल, एखादं ऑपरेशन नाहीतर पोराची परीक्षा असेल तर रजाच बरी, माझं स्पष्ट मत आहे.

आता राजीनाम्याचं. मी लातूरला एका फर्ममध्ये अकाऊंट बघायचे, ९ वर्षं ४ महिने झाले अन् एक दिवस कागद लिहूनच ऑफिसला गेले. आमच्या तिथल्या सिनियर दादांनी तो हातातून घेतला अन् म्हणाले, तीन महिने थांब. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात पण वरचे ६ महिने झाले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊला काम होतं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते ते पैसे, त्याचंही तसंच, सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष. हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक (डीए असेल तर तोही) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. माझा बेसिक १८,००० होता, ९ वर्षांचे ९३,४६१ अन् १० वर्षांचे १,०३,८४६. तीन महिने दात खाऊन काढले पण पोरीच्या एका वर्षाच्या शाळेचा मोठा भाग त्यात निघाला. तुमची पाच वर्षं होत आली असतील तर आणखीच नीट बघा, पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर टॅक्सही बसतो.

मेडिक्लेमचं मी चुकले. कंपनीचा होता तो शेवटच्या दिवशी संपला. नोकरी असतानाच त्याच विमा कंपनीकडं स्वतःच्या पॉलिसीसाठी अर्ज केला असता तर आधीचा काळ धरला गेला असता, मी चार महिन्यांनी जागी झाले, आता थायरॉईडसाठी पहिल्यापासून थांबायचं.

पैशाचं कसंही बसवता येतं हो, पण घरी बसल्यावर वेळ कुणाचा होतो हे कुणी सांगत नाही. पहिल्या महिन्यात मला आधीपेक्षा जास्त थकायला झालं. नळाला पाणी आलं की मोटार लावणं माझ्याकडं, गॅसवाला माझ्याकडं, शेजारच्यांच्या कुरिअरलाही माझाच नंबर, अन् सगळ्यांचं एकच, "तू तर घरीच हाईस ना". रजेवर असताना बहिणीला असं कुणी म्हणलं नाही, कारण ती "परत जाणारी" होती. हा फरक लई मोठा आहे. म्हणून राजीनामा द्यायच्या आधीच घरात बसून बोला, सकाळचा एक तास अन् दुपारचा एक तास माझा, अन् सासूबाईंचा दवाखाना, पोरांचा अभ्यास यातलं नवऱ्याकडं काय राहणार. आमच्यात हे दोन महिने उशिरा झालं, भांडूनच झालं.

तरी मी परत नोकरीचा अर्ज केला नाही. यंदा येळवसला (वेळ अमावस्या, आमच्याकडं सगळे शेतात जाऊन जेवतात तो सण) आदल्या रात्रीपासून सासूबाईंसोबत भज्जीची, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळ भाजीची तयारी केली, अंबिलाचं मडकं मीच शेतात नेलं, आधी कसं, सगळे जेवायला बसल्यावर पोचायचे अन् सारखा फोन बघायचे.

अन् गोळी. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास तरी काही घ्यायचं नसतं. नऊ वर्षं मी ती चहासोबत, कधी रिक्षात घेतली, डॉक्टर डोस वाढवायचे अन् मी गप्प. आता सहाला गोळी घेते अन् उंबऱ्यात बसते. त्या अर्ध्या तासात घरातलं कुणी हाक मारत नाही, सासूबाईच पोरांना सांगतात, आईची गोळी चालू आहे.