डॅगरफॉल: गेम फुकट, नकाशा महाग

पावसाळ्यात टाकलेला डॅगरफॉल हा गेम अजून लॅपटॉपवर आहे, म्हणजे आवडलाय हे उघड आहे. पण परवा जादूगारांच्या गिल्डची (म्हणजे संघाची) एक क्वेस्ट, म्हणजे सोपवलेली कामगिरी, मुदत संपून हातची गेली, आणि त्याचं कारण एकच: तो नकाशा. त्यामुळे आज सूर थोडा चढा लागेल.

१९९६चा गेम, एल्डर स्क्रोल्स या मालिकेतला दुसरा, पसारा अवाढव्य, हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. २००९पासून तो अधिकृतपणे फुकट मिळतो. मी जुने डॉस गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्सच्या भानगडीत न पडता थेट डॅगरफॉल युनिटी घेतला. चाहत्यांनी नव्या इंजिनावर बांधलेली ही आवृत्ती, १.० २०२३च्या अखेरीस आली, तिलाही पैसे पडत नाहीत. आजकालच्या गेमच्या किमती पाहता एवढ्यावरच मी निम्मे गुण देऊन टाकले होते. जुन्या लॅपटॉपचा पंखासुद्धा कुरकुरत नाही.

आता नकाशा. डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारांत, तुम्ही जिथे जिथे फिरलात ते सगळे बोगदे, विहिरी, जिने, उतरते रस्ते तिन्ही मितींत एकावर एक काढलेले दिसतात. उसवलेल्या स्वेटरची लोकर मांजराने खेळून ठेवावी तसं. तो गोल फिरवता येतो, वरचा थर कापून आत बघता येतं, एक खांब तुमची जागा दाखवतो आणि एक बाहेरचं दार. सोयी सगळ्या आहेत. पण समोरचा बोगदा या बोगद्याला मिळतो की त्याच्या खालून जातो, हे कळायला पाच मिनिटं माउस घुमवायचा. तेवढ्यात आपण उत्तरेला तोंड करून होतो की दक्षिणेला ते विसरायला होतं. आणि काही दारं भिंतीतच लपलेली. काही ठिकाणी खटका ओढल्यावर काहीतरी कुठेतरी उघडतं. कुठे, ते तुम्ही शोधा!

बरं, घड्याळ थांबत नाही. क्वेस्टला दिवसांची मुदत असते. भरकटलो की मार खायचा, मार खाल्ला की जखमा भरायला झोपायचं, झोपलो की तास सरकतात. परतीच्या प्रवासाचे दिवस आणखी वेगळे. माझी क्वेस्ट अशीच गेली, वर गिल्डमधली पतही घसरली.

दिवाळीच्या आसपास मात्र माझं मत थोडं बदललं. तोवर मी समजत होतो की डंजन दर वेळी नव्याने तयार होतात. तसं नाही. तयार तुकडे जोडून हजारो डंजन बनवण्याचं काम संगणकाने केलं, पण ते गेम विकायला येण्याआधीच. तुमच्याकडे आणि माझ्याकडे त्याच नावाचं डंजन अगदी सारखंच असतं. नशिबावर असतं ते एवढंच, की क्वेस्टची वस्तू किंवा राक्षस त्यात कुठे ठेवलाय. हे कळल्यावर डोळे वेगळं बघायला लागले. अरे, ही पाण्याची विहीर मागच्या डंजनमध्येही होती, हिच्या डाव्या अंगाला वर जाणारा उतार असतो! तुकडे ओळखीचे झाले की नकाशा उघडावाच लागत नाही. म्हणजे हा नकाशा न वापरायला शिकणं, हाच या गेममधला खरा अभ्यास. चांगलं आहे, पण मग तो दिलाच कशाला?

तुमचा एवढा वेळ जाऊ नये म्हणून दोन उपाय. एक, गिल्डमधून रिकॉल हे स्पेल (मंत्र) लवकरात लवकर विकत घ्या. दारातून आत शिरल्या शिरल्या खूण ठेवायची, काम झालं की थेट तिथे. माझ्या मते सगळ्या गेममध्ये पैसे वसूल करणारी ही एकमेव खरेदी. दोन, युनिटीच्या सेटिंगमध्ये डंजन लहान करायची सोय आहे. मुख्य कथेतली मात्र पूर्ण आकाराचीच राहतात. मी ती चार दिवस वापरून बंद केली. शिरलो, मारलं, बाहेर आलो. हरवण्याची भीतीच नसेल तर आत जायचं कशाला?

लढाई ठीकठाक, आवाज भीतिदायक. अंधारात सांगाडा किंचाळला की अजून दचकतो. प्रायव्हेटियर्स होल्ड या सुरुवातीच्या डंजनमध्ये इम्प (छोटा उडता राक्षस) दिसला तर लोखंडी हत्याराने झुंजत बसू नका, त्याला लागतच नाही. गुमान पळा.

अनपेक्षितपणे आवडलेली गोष्ट म्हणजे पैशाचा हिशोब. इथे सोन्याला वजन आहे: ४०० नाणी म्हणजे एक किलो. लुटीच्या ओझ्याने पाय उचलेना झाले की घोडागाडी घ्यायची, पण ती डंजनच्या दाराशीच. जादा नाणी बँकेत टाकायची किंवा हुंडीसारखं पत्र करून घ्यायचं, त्याला वजन नाही. शहरात उघड्यावर झोपलात तर गुन्हा, म्हणजे सराईचं भाडं द्या.

बँक कर्जही देते, दहा टक्के व्याज, वर्षाची मुदत. बुडवलंत तर पत फक्त त्या प्रांतात जाते, शेजारच्या प्रांताला त्याचं काही नाही. मी डॅगरफॉल प्रांतात जेवढं मिळेल तेवढं उचललंय आणि सध्या वेरेस्ट या दुसऱ्या प्रांतात घर बघतोय.