रोज रात्री एक कॅनडियन कथा : सहा महिन्यांनंतर

जून २०२३ मध्ये क्वेबेकच्या वणव्यांचा धूर टोरांटोवर उतरला, तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. खिडकीला नाक लावून तिने विचारलं, "आई, मी मोठी होईन तेव्हा पण असंच असेल?" मला उत्तर सुचलं नाही. तो प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी गेल्या नोव्हेंबरात मी ठरवलं, की झोपण्यापूर्वी रोज एक कथा वाचायची, तीही इथल्याच लेखकांची, भविष्याकडे उमेदीने बघणारी. दीर्घकथा असली तर ती पुरवून पुरवून चार-पाच रात्री. एप्रिल संपेपर्यंत, तापाचे चार दिवस वगळता, खंड पडला नाही.

सुरुवात 'नेव्हरदिलेस' या संग्रहाने केली. कॅनडातल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची 'टेसेरॅक्ट्स' नावाची मालिका १९८५ मध्ये सुरू झाली. त्यातला हा एकविसावा खंड, २०१८ सालचा, संपादक रोंडा पॅरिश आणि ग्रेग बेक्टेल. या खंडाचा विषयच आशावाद. नावाला आपल्याकडे सरळ शब्द आहे, 'तरीही'. काहीतरी वाईट होऊन गेलंय, हे त्या शब्दात आधीच कबूल केलेलं असतं, म्हणून मला ते नाव आवडलं.

पण पहिले दोन आठवडे माझा हिरमोड झाला, हेही सांगायला हवं. काही कथांमध्ये संकट शेवटच्या पानावर इतकं पटकन सुटतं, की पाहुणे दारात आले म्हणून पसारा पलंगाखाली ढकलावा तसं वाटतं. सलग वाचल्या तर गोडाचा कंटाळा येतो. मी तेव्हाच पुस्तक बंद करणार होते. रोज एकच कथा या नेमाने मला वाचवलं, कारण एका रात्रीत फसलेली कथा दुसऱ्या रात्रीपर्यंत विसरता येते आणि चांगली असेल ती दिवसभर सोबत राहते.

नोव्हेंबर सरता सरता अमल अल-मोहतार यांची 'सीझन्स ऑफ ग्लास अँड आयर्न' हाती लागली. या ओटावाच्या लेखिका. कथा २०१६ची, आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो, नेब्युला, लोकस असे विज्ञानकथा-अद्भुतकथांचे तिन्ही मोठे पुरस्कार मिळाले. टॅबिथा नावाची बाई नवऱ्याचा शाप उतरावा म्हणून लोखंडी बूट घालून चालते आहे. असे सात जोड झिजवायचे आहेत. दुसरी, अमीरा, काचेच्या डोंगराच्या माथ्यावर हलायचं नाही म्हणून बसून आहे. दोघींना आपापली शिक्षा रास्त वाटते. समोरचीचं ऐकलं की मात्र प्रत्येकीला कळतं, हा तर शुद्ध अन्याय आहे! लहानपणी आजीकडून ऐकलेल्या व्रतकथांमधल्या बायका मला आठवल्या, नवऱ्यासाठी उपास करणाऱ्या, रानोमाळ हिंडणाऱ्या. त्यांना वाटेत अशी कुणी भेटली असती तर? त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला बहिणीला फोन लावला आणि अख्खी कथा मराठीत सांगितली. ती ऐकत राहिली, आणि शेवटी इतकंच म्हणाली, "ताई, परत सांग."

डिसेंबरात इथे पावणेपाचला अंधार होतो. त्या दिवसांत 'लव्ह आफ्टर द एंड' वाचलं. जोशुआ व्हाइटहेड यांनी संपादित केलेला हा आदिवासी लेखकांचा संग्रह. व्हाइटहेड स्वतः मॅनिटोबा प्रांतातल्या पेग्विस फर्स्ट नेशन या आदिवासी समाजातले. प्रस्तावनेत ते जे मांडतात त्याने माझी समजच बदलली. जगबुडी पुढे कधीतरी होणार म्हणून आपण घाबरतो. यांच्या लोकांची जमीन, भाषा, मुलं हिरावली गेली तेव्हा ती होऊन गेली आणि ते तिच्यानंतर जगत आहेत. म्हणून विध्वंसाऐवजी त्यांनी कथांना प्रेम हा विषय दिला. मराठीत आपण 'आशा' म्हणतो आणि 'उमेद'ही म्हणतो. आशा लावून नुसतं बसून राहता येतं, उमेदीत हातपाय हलवण्याचं बळ धरलेलं असतं. या नऊ कथांमध्ये मला उमेद दिसली. भाषा मात्र सोपी नाही. क्री, अनिशिनाबे या आदिवासी भाषांतले शब्द येतात, काही ठिकाणी मी दोन-दोनदा मागे गेले.

केली रॉब्सन यांची 'गॉड्स, मॉन्स्टर्स अँड द लकी पीच' ही दीर्घकथा फेब्रुवारीत वाचली. साल २२६७. भूगर्भात राहायला गेलेली माणसं पुन्हा जमिनीवर येत आहेत. कॅलगरीतली त्र्याऐंशी वर्षांची मिन्ह आयुष्यभर नद्या दुरुस्त करत आली आहे, आणि कालप्रवासाचा शोध लागल्यापासून बँकांचा पैसा तिकडे वळलाय. मिन्ह चिडकी आहे, हट्टी आहे, कुणाला धीर देत नाही. शेवटही गोड नाही. तरी धुराच्या दिवसांनंतर मला सगळ्यात जास्त आधार हिचाच वाटला, कारण ती नदीबद्दल बोलते तेव्हा पूर, गाळ, झाडं, वर्षं यांचा हिशेब मांडते.

मार्चमध्ये एका शनिवारी ५०६ नंबरची ट्राम पकडून कॉलेज स्ट्रीटवरच्या लिलियन एच. स्मिथ ग्रंथालयात गेले. दारावर ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला प्राणी, आणि पंखांचा सिंह असे पुतळे आहेत. मुलीने दोघांनाही हात लावून पाहिला. वर विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या पुस्तकांचा मेरिल संग्रह आहे. 'टेसेरॅक्ट्स'चा पहिला खंड संपादित करणाऱ्या ज्युडिथ मेरिल व्हिएतनाम युद्धाच्या संतापाने १९६८ मध्ये अमेरिका सोडून इथे आल्या आणि १९७० मध्ये आपली पुस्तकं त्यांनी टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकली. पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. मी मेरिल यांचीच १९४८ सालची 'दॅट ओन्ली अ मदर' वाचली. अणुयुद्धाच्या काळातली एक आई, आणि तिचं बाळ. त्या कथेत आशेला जागाच नाही. वाचून झाल्यावर मी भोवतालच्या कपाटांकडे बघत राहिले. इतकं काळं लिहिणाऱ्या बाईनेच ही पुस्तकं अनोळखी लोकांसाठी ठेवून दिली होती.

झोप सुधारली का, असं नवरा विचारतो. थोडी. बातम्या बघणं कमी झालेलं नाही, पण बातमी बघून हातपाय गळत नाहीत. कुणाला सुरुवात करायची असेल तर अल-मोहतार यांच्या कथेने करा. 'अनकॅनी' मासिकाच्या संकेतस्थळावर ती मोफत आहे, वाचायला अर्धा-पाऊण तास पुरतो. संग्रह ग्रंथालयातून ई-बुक म्हणून घ्या, मात्र रांग असू शकते.

मुलीला अजून तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. तिला मिन्हची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने एवढंच विचारलं, की नदीकाठी आधी कुठलं झाड लावतात. आता आम्ही दोघी ते शोधतो आहोत.