विमुक्त जमाती आणि पोलीस तपास: एक दिवसाची कार्यशाळा, पाचपैकी साडेतीन

एका सामाजिक संस्थेनं आमच्या जिल्ह्यातल्या अंमलदारांसाठी घेतलेली ही कार्यशाळा मी केली. विमुक्त जमाती म्हणजे पारध्यांसारख्या, इंग्रजांनी कायद्यानं ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या आणि पुढे त्यातून मोकळ्या झालेल्या जमाती. मी ग्रामीण भागातल्या ठाण्यात हवालदार आहे, बहुतेक ड्युटी ठाणे अंमलदाराची. आपल्या घटकात ही लावून घ्यावी का, असं मैत्रिणी विचारताहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रशिक्षणाच्या नावाखाली आम्ही बरंच काही सोसलंय. ताणतणावाच्या वर्गात डोळे मिटायला सांगतात आणि नाइट करून आलेला निम्मा हॉल घोरायला लागतो. इथं कुणी झोपलं नाही. शिकवायला एक निवृत्त डीवायएसपी साहेब आणि पारधी समाजातल्या एक वकील मॅडम होत्या.

पैसे वसूल (म्हणजे कार्यशाळा फुकटच होती) ते सकाळच्या सत्रात. प्रत्येक टेबलावर एक फिर्याद ठेवली. आठवडी बाजारात एका बाईच्या पिशवीतून दागिन्यांची डबी गेली, संशयिताचं आडनाव काळे. मजकूर सगळीकडे तोच, फक्त निम्म्या कागदांवर पत्ता ‘रा. गावठाण’ आणि उरलेल्यांवर ‘रा. गावाबाहेरील वस्ती’. आम्हाला हे माहीत नव्हतं. तपासाची पहिली तीन पावलं लिहायची होती. गावठाणवाल्यांनी लिहिलं: दुकानांचे सीसीटीव्ही, शेजारच्या विक्रेत्यांचे जबाब, मग संशयिताला बोलावून चौकशी. वस्तीवाल्यांनी लिहिलं: पहाटे वस्तीवर जाणे, मिळतील ते आणणे, घरझडती. सगळे कागद भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले आणि मग दोन्ही पत्ते वाचून दाखवले. काळे, पवार, भोसले, चव्हाण पारध्यांतही आहेत आणि मराठ्यांतही, त्यामुळे आडनावाचा इथं काही संबंधच नव्हता, वस्ती म्हणजे पारध्यांची असं धरून सगळं पत्त्यावरूनच ठरलं. डीबीतला (गुन्हे उघडकीला आणणाऱ्या पथकातला) एक जण म्हणालाच, “मॅडम, आमची चोरीच्या मालाची रिकव्हरी तिथूनच होते.” त्यावर वकील मॅडम म्हणाल्या, “दादा, दुसरीकडे शोधायला जाता कधी?”

इतिहास त्यांनी आटोपशीर ठेवला, ते बरं केलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द, त्याच्या जागी आलेले सराईत गुन्हेगारांचे कायदे. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात शबर या विमुक्त जमातीतल्या बुधन शबर यांचा कोठडीत मृत्यू झाला, तेही सांगितलं. त्या वेळी मागच्या रांगेतला मोबाईलसुद्धा खाली गेला.

कायद्याचा भाग मात्र मला खरा कामाचा वाटला. साध्या चोरीला बीएनएसच्या (भारतीय न्याय संहितेच्या) ३०३(२) खाली पहिल्या वेळी जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा आहे. म्हणजे उठसूट अटक नाही, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) ३५(३) ची, हजर राहायला सांगणारी नोटीस. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून हे आपण ऐकतोय, पण वस्तीचा विषय आला की नोटीस कुणाला आठवत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना विमुक्त जमातींच्या मनमानी अटकांबद्दल वेगळं बजावलंय, हे हॉलमध्ये फारच थोड्यांना ठाऊक होतं. निकाल तुरुंगातल्या जातिभेदावरचा, म्हणून आपल्याकडे कुणी वाचला नसावा. त्याच वर्षी मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात हिस्ट्रीशीटवर (पोलिसांकडच्या संशयितांच्या नोंदींवर) ताशेरे आले होते: मागास घरातला आहे एवढ्यावरून नाव चढवू नका, नोंदी वेळोवेळी वरिष्ठांकडून तपासून घ्या. आणि हॉल खडबडून जागा झाला तो एका वाक्यानं. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात, म्हणजे खोटा गुन्हा लावला तर ॲट्रॉसिटी आपल्यावरही लागू शकते. समजावण्यापेक्षा भीती लवकर पोचते, काय करणार.

आता अर्धा आणि एक असे दीड स्टार कुठे कापले ते. अर्धा दुपारच्या सत्राचा. जेवणानंतर पडद्यावर कलमं लावून साहेबांनी ती जशीच्या तशी वाचली. त्यापेक्षा वकील मॅडमना वेळ द्यायला हवा होता. त्यांनी स्टेशन डायरीचं (ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीचं) एक कोरं पान दाखवून विचारलं, “पहाटे आणलेल्या माणसाची नोंद किती वाजता पडते?” मी अंमलदार असते तेव्हा ते पान माझ्यासमोर असतं. ‘नुसतं चौकशीला आणलंय, एवढ्यात एंट्री नको’ हे वाक्य प्रत्येक अंमलदारानं ऐकलेलं आहे. त्या वेळी काय बोलायचं, कसं लिहायचं, कुणाला फोन लावायचा, याचा सराव घ्यायला सुरुवात झाली आणि चहाची वेळ झाली.

पूर्ण एक स्टार गेला तो निमंत्रणांच्या यादीमुळे. हॉलमध्ये सगळे शिपाई, हवालदार आणि दोन-चार एएसआय. क्राइम मीटिंगमध्ये ‘घरफोड्या किती उघड?’ हे ज्यांना विचारलं जातं आणि जे तिथून फोन करून ‘रेकॉर्डवरचे उचला’ म्हणतात, त्यांच्यातलं कुणी वर्गात नव्हतं. ते उद्घाटनाला आले, हार घेतला, व्हिडिओ कॉन्फरन्स आहे म्हणून गेले. डिटेक्शनची (गुन्हे उघड केल्याची) टक्केवारी आमच्याकडून मागायची आणि पूर्वग्रह घालवायचा वर्गही आम्हालाच, हा हिशेब मला पटत नाही. संस्थेच्या लोकांना मी अभिप्रायाच्या फॉर्मवर हे लिहून दिलंय, सहीसकट.

जेवण उत्तम, भाकरी गरम. बायकांचं टॉयलेट कुलूपबंद होतं, किल्ली मागून घ्या. तुमच्याकडे लावायची असेल तर सकाळचं सत्र जसंच्या तसं ठेवा, डायरीच्या सरावाला अख्खी दुपार द्या आणि पत्रात ‘प्रभारी अधिकारी स्वतः उपस्थित राहतील’ असं घालून घ्या. पीआय साहेबांची बॅच लागली तर मला कळवा, मी रजा टाकून मागच्या रांगेत बसायला येते.